बारी बंदर, मस्टर्ड वायू आणि केमो : ही गोष्ट उलटी का सांगतात?

उत्खनक

सध्या एक ढकलपत्र फिरतंय. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या बारी बंदरात विषारी वायू भरलेलं जहाज फुटलं, मेलेल्या खलाशांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी गायब झालेल्या दिसल्या, कोणा डॉक्टरची ट्यूब पेटली आणि केमोथेरपी जन्माला आली. खाली हात जोडलेले आणि 'जे होतं ते चांगल्यासाठीच'. घरच्या ग्रुपवर तीन वेगवेगळ्या काकांनी पाठवलं, तेव्हा म्हटलं आता धागाच काढू.

बारीची घटना शंभर टक्के खरी आहे. पण केमोची सुरुवात तिथे झाली नाही. बारीच्या सव्वा वर्ष आधीच अमेरिकेत एका कॅन्सर रुग्णाला या वायूच्या सख्ख्या भावाचं इंजेक्शन देऊन झालं होतं, आणि तेही मरून गेलेल्या एका जुन्या निरीक्षणाच्या जोरावर.

सुरुवातीपासून सांगतो. १९१७ च्या जुलैत बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मनांनी पहिल्यांदा मस्टर्ड वायू वापरला. वायू म्हणतात, पण मूळचा तो तेलकट द्रव. वास लसणासारखा किंवा मोहरीसारखा. लागला की त्या क्षणी फारसं काही होत नाही, हीच त्याची खोड. काही तासांनी डोळे सुजतात, काखेत-जांघेत फोड येतात, श्वासनलिका सोलवटते. त्या काळात फ्रान्समधल्या लष्करी इस्पितळात काम केलेल्या एडवर्ड क्रुम्भार या अमेरिकन डॉक्टरने अशा रुग्णांचं रक्त आणि शवविच्छेदनात मिळालेली अस्थिमज्जा नीट तपासली. सुरुवातीला पांढऱ्या पेशी वाढतात, मग धाडकन कोसळतात आणि मज्जा रिकामी होते. १९१९ मध्ये हे छापूनही आलं. म्हणजे 'हे विष रक्त तयार करणाऱ्या पेशींना मारतं' ही गोष्ट तेव्हापासून ग्रंथालयात पडून होती. १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲडेअर आणि बॅग यांनी तर मस्टर्ड थेट गाठींवर वापरून पाहिला. तेव्हा कुठलंही युद्ध चालू नव्हतं.

मग १९४२. युद्ध पेटलेलं, हिटलर पुन्हा वायू वापरेल ही धास्ती. अमेरिकन सरकारने येल विद्यापीठाला गुप्त कंत्राट दिलं, की या विषांचा अभ्यास करा. काम लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन या दोन तरुण औषधशास्त्रज्ञांकडे आलं. त्यांनी नायट्रोजन मस्टर्ड घेतलं. यात गंधकाच्या जागी नायट्रोजन असतो, त्यामुळे शिरेतून देता येईल असा क्षार बनतो. लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, झालेल्या उंदरांना टोचलं तर गाठी विरघळल्या. शल्यविशारद गुस्ताफ लिंडस्कोग यांच्याकडे एक रुग्ण होता, पोलंडहून आलेला कामगार, नोंदींत फक्त 'जे. डी.'. जबड्याखाली आणि मानेत गाठी एवढ्या की गिळता येईना, मान वळेना. रेडिएशनचा उपयोग संपलेला. २७ ऑगस्ट १९४२ ला त्याला पहिला डोस दिला. केसपेपरवर औषधाचं नाव नाही, कारण नाव लिहिणंच गुन्हा! तिथे नुसतं 'एक्स' लिहिलंय. दहा दिवस रोज इंजेक्शन. गाठी गेल्या, माणूस जेवायला लागला, मान हलवायला लागला. पण सोबत पांढऱ्या पेशीही तळाला गेल्या, पुढे गाठी परत आल्या आणि १ डिसेंबरला तो गेला.

आता बारी. २ डिसेंबर १९४३ ची संध्याकाळ. शंभरेक जर्मन विमानांनी बंदरावर बाँब टाकले. 'जॉन हार्वी' या अमेरिकन जहाजाच्या पोटात २००० मस्टर्ड बाँब होते, गरज पडलीच तर उलट मारा करायला आणून ठेवलेले. बंदरातल्या जवळपास कोणालाच याची कल्पना नव्हती, ज्यांना होती ते जहाजासोबत उडाले. मस्टर्ड पाण्यावर तरंगणाऱ्या तेलात मिसळलं आणि त्या तेलात शेकडो खलाशी पोहत होते. इस्पितळात कोणाला संशयही नाही. बुडता बुडता वाचलेल्यांना जसं सांभाळतात तसंच सांभाळलं. आधी भाजलेल्या-मोडलेल्यांकडे धाव, बाकीच्यांना तेलाने माखलेल्या कपड्यांतच ब्लँकेटात गुंडाळून गरम चहा. म्हणजे रात्रभर विष अंगाला चिकटून, वरून ऊब. सकाळपर्यंत डोळे उघडेनात. नोंद झालेले मस्टर्डचे रुग्ण ६२८, त्यातले ८३ महिनाभरात मेले. जुन्या शहरातल्या इटालियन नागरिकांचा हिशोब कोणी ठेवलाच नाही.

तर मुद्दा असा की बारीने शोध लावला नाही. बारीने जे दाखवलं ते १९१९ मध्ये माहीत होतं आणि १९४२ मध्ये वापरून झालं होतं. तरी प्रत्येक ठिकाणी बारीच का पुढे येतं?

---

निवांत

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

खडीसाखर

छान लिहिलंय. पण त्या डॉक्टरचं नावच नाही आलं धाग्यात! स्ट्युअर्ट अलेक्झांडर. त्याच्यावर अन्याय होतोय असं वाटलं.

---

उत्खनक

@खडीसाखर, मुद्दाम राखून ठेवलं होतं, कारण माणूस भारी आहे आणि केमोचं श्रेय न देताही भारीच राहतो.

लेफ्टनंट कर्नल स्ट्युअर्ट फ्रान्सिस अलेक्झांडर, आयझेनहॉवरच्या मुख्यालयातला रासायनिक युद्धाचा वैद्यकीय सल्लागार. अल्जियर्सहून विमानाने आला. वॉर्डात पाऊल टाकताच त्याला लसणासारखा वास जाणवला. आधी अमेरिकेत एजवुडच्या लष्करी प्रयोगशाळेत काम केलेलं असल्याने तो वास ओळखीचा. पण बंदरातले ब्रिटिश अधिकारी म्हणतात, इथे मस्टर्ड नव्हताच. मग या पठ्ठ्याने काय केलं, तर बंदराचा नकाशा घेतला, कुठलं जहाज कुठे उभं होतं ते मांडलं आणि कुठल्या जहाजावरची किती माणसं मेली ते त्यावर टाकलं. मृत्यू 'जॉन हार्वी'च्या भोवती गोळा झालेले दिसले. तळातून बाँबच्या कवचाचा तुकडाही वर आला, तो अमेरिकन निघाला.

चर्चिलने मान्य करायला नकार दिला. लक्षणं मस्टर्डसारखी वाटत नाहीत म्हणे! लंडनमध्ये बसून रोगनिदान. ब्रिटिश कागदपत्रांत 'शत्रूच्या कारवाईमुळे भाजणे' असं लिहायचा हुकूम निघाला. अलेक्झांडर आपल्या निदानावरून हलला नाही. अहवाल गुप्त राहिला. त्याला लष्कराकडून रीतसर शाबासकी मिळाली ती १९८८ मध्ये. मधली सगळी वर्षं तो न्यू जर्सीत, वडिलांसारखीच, साधी डॉक्टरकी करत होता.

---

झिम्मा

माझ्या नवऱ्याला मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेतल्या पेशींचा कॅन्सर) आहे. ऑटोलोगस ट्रान्सप्लांटच्या, म्हणजे स्वतःच्याच मूळपेशी परत देण्याच्या, आधी मेल्फलान या केमोच्या औषधाचा मोठा डोस दिला. औषध चालू व्हायच्या थोडं आधी सिस्टर वाटीभर बर्फाचे खडे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, हे तोंडात घोळवत राहायचं, थांबायचं नाही. आम्हाला वाटलं गरम होईल म्हणून देतायत. नंतर कळलं की गारठ्याने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, तेवढ्या वेळात तिथे औषध कमी पोचतं आणि पुढे तोंडात फोड कमी येतात. तो बिचारा दात शिवशिवतायत म्हणून कुरकुरत होता आणि मी दटावत होते.

आज हा धागा वाचून मेल्फलान शोधलं तर ते नायट्रोजन मस्टर्डच्याच कुळातलं निघालं. म्हणजे तोंडातले ते फोड म्हणजे खरोखर... काय म्हणू कळत नाहीये. त्याला अजून सांगितलं नाही.

---

ढालगज

@झिम्मा ताई, सांगा बिनधास्त. पेशंट लोक आपल्यापेक्षा घट्ट असतात.

---

मूलद्रव्य

झिम्माताईंच्या प्रतिसादावरून रसायन थोडं सोपं करून लिहितो, शिकवायची सवय आहे म्हणून सहन करा.

नायट्रोजन मस्टर्डच्या रेणूला दोन हात असतात आणि प्रत्येक हाताच्या टोकाला क्लोरीन. शरीरातल्या पाण्यात क्लोरीन सुटतो, तो हात वळून स्वतःच्याच नायट्रोजनला चिकटतो आणि एक ताणलेलं तीन अणूंचं कडं तयार होतं. ते इतकं अस्वस्थ असतं की समोर जे मिळेल त्याला धरतं. डीएनएतल्या ग्वानीन या घटकाचा एक नायट्रोजन त्याला फार आवडतो. एक हात एका धाग्यावरच्या ग्वानीनला, दुसरा हात समोरच्या धाग्यावरच्याला. झालं, जॅकेटच्या चेनमध्ये कापड अडकावं तसं. पेशी विभागायला गेली की चेन उघडत नाही आणि पेशी मरते. म्हणून भराभर विभागणाऱ्या पेशी आधी जातात: गाठीतल्या, मज्जेतल्या, केसांच्या मुळातल्या, तोंडाच्या आतल्या अस्तरातल्या. युद्धातल्या माणसाच्या आणि वॉर्डातल्या माणसाच्या पेशीत घडतं ते हेच. फरक आहे तो डोस, वेळ आणि रेणूला घातलेल्या लगामाचा.

लगाम म्हणजे मूळ मस्टर्डला असा गट जोडायचा की त्याचा उतावळेपणा कमी होईल. मेल्फलानमध्ये फेनिलअलानिन हे अमिनो आम्ल जोडलंय. क्लोरॅम्ब्युसिल तोंडावाटे घेता येतं एवढं ते मवाळ झालंय. सायक्लोफॉस्फामाइडची युक्ती सगळ्यांत नामी, माझी आवडती. पश्चिम जर्मनीत नॉर्बर्ट ब्रॉक आणि मंडळींनी १९५८ च्या सुमारास आणलं. बाटलीत असताना ते जवळजवळ निरुपद्रवी असतं, यकृतात गेल्यावर जागं होतं. मात्र जागं होताना ॲक्रोलीन नावाचा एक त्रासदायक तुकडा सुटतो आणि लघवीवाटे मूत्राशय भाजून काढतो. हे औषध चालू असताना 'पाणी प्या, लघवी तुंबवू नका' म्हणून डॉक्टर मागे लागतात ते यासाठीच. मोठ्या डोसबरोबर मेस्ना देतात, ते ॲक्रोलीनला गाठून निकामी करतं.

अवांतर: मूळ नायट्रोजन मस्टर्ड, म्हणजे १९४९ पासून अमेरिकेत रीतसर औषध असलेलं मेक्लोरेथामीन, आजही रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. शस्त्र म्हणून बंदी आणि त्वचेच्या एका लिम्फोमावर मलम म्हणून वापर, दोन्ही एकाच रेणूच्या नावावर.

---

खडीसाखर

गुडमन-गिलमन म्हणजे औषधशास्त्राच्या त्या जाडजूड पाठ्यपुस्तकावरचेच ना? होस्टेलवर आम्ही ते उशाला घ्यायचो. परीक्षेत त्यांच्या नावाने बोटं मोडली त्याबद्दल आज दिलगीर.

---

मूलद्रव्य

तेच ते. गिलमनने मुलाचं नाव आल्फ्रेड गुडमन गिलमन ठेवलं, आणि त्या मुलाला १९९४ चं नोबेल मिळालं.

---

मी_मोरगावकर

लेख माहितीपूर्ण आहे, पण धागाकर्त्याचा सूर पटला नाही. क्रुम्भारचं निरीक्षण तेवीस वर्षं पडून राहिलं हे तुम्हीच लिहिता. मग ते उचललं कोणी? युद्धाने. सरकारी पैसा, गुप्त प्रयोगशाळा, घाई, हे सगळं युद्धामुळेच आलं. शांततेत कोण कशाला मस्टर्ड वायूला हात लावणार होतं? कटू असलं तरी मान्य करायला हवं की युद्ध नसतं तर केमो आणखी दोन पिढ्या लांबलं असतं.

---

उत्खनक

@मी_मोरगावकर, पैसा युद्धाने दिला हे मान्य. पण त्याच युद्धाने तोंडही बंद केलं. जे. डी. ला १९४२ मध्ये औषध दिलं, निकाल छापून आले १९४६ मध्ये. मधली चार वर्षं जगातल्या इतर डॉक्टरांना पत्ता नाही. जे. डी. चा मूळ केसपेपर तर येलमध्ये २०१० च्या आसपास शोधून काढावा लागला.

आणि दोन पिढ्यांचं म्हणाल तर केमोचं दुसरं मूळ बघा. १९४७-४८ मध्ये बॉस्टनला सिडनी फार्बरने ल्युकेमिया झालेल्या लहान मुलांना ॲमिनोप्टेरिन दिलं आणि काही मुलांचा आजार काही काळ तरी मागे हटला. ते औषध आलं लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेतून, आपल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूकडून. ते काम फॉलिक आम्लावरचं, जीवनसत्त्वावरचं. त्यात कुठे बाँब नाही, वायू नाही. आज ल्युकेमियापासून संधिवातापर्यंत वापरलं जाणारं मेथोट्रेक्सेट त्याच घराण्यातलं. मस्टर्ड आलाच नसता तरी केमो त्याच दशकात उभं राहिलं असतं.

---

मी_मोरगावकर

सुब्बारावांचा मुद्दा चांगला आहे, घेतला. पण हॉजकिन्ससाठी (हाही एक लिम्फोमाच) १९६० च्या दशकात जो चार औषधांचा मॉप कोर्स आला, ज्याने पसरलेल्या हॉजकिन्सचे रुग्ण बरे व्हायला लागले, त्यातला पहिला 'म' मस्टर्डचाच आहे. फॉलिकवाल्यांनी ते केलं नसतं. तेव्हा 'उभं राहिलं असतं' यावर माझी सही अर्धीच.

---

उत्खनक

अर्धी सही चालेल.

---

नर्मदाकाठ

इतका वेळ कोणीच एक गोष्ट काढली नाही म्हणून लिहिते. विषाचा अभ्यास केला, अभ्यास केला म्हणतोय आपण, पण कोणावर?

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात साधारण ६०,००० सैनिकांचा रासायनिक चाचण्यांसाठी वापर झाला. त्यातल्या किमान ४,००० जणांना वायूच्या खोल्यांमध्ये किंवा विष फवारलेल्या मैदानात जास्त मात्रा मिळाली. तोंड उघडायचं नाही अशी ताकीद. काही चाचण्या तर कृष्णवर्णीय, पोर्तो रिकन आणि जपानी वंशाच्या सैनिकांवर, कातडीच्या रंगाने फरक पडतो का हे बघायला.

हे तिकडचं म्हणून सोडून देऊ नका. ब्रिटिशांच्या पोर्टन डाउन या रासायनिक युद्धावर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी रावळपिंडीत ब्रिटिश हिंदुस्थानी फौजेतल्या शेकडो शिपायांवर मस्टर्डच्या चाचण्या केल्या. १९३० च्या दशकात सुरू होऊन दहाहून जास्त वर्षं चालल्या. भारतीय कातडी गोऱ्या कातडीपेक्षा जास्त भाजते का, हा प्रश्न. काहींना अर्धी चड्डी आणि सुती शर्टावर वायूच्या खोलीत पाठवलं. काही जण इतके भाजले की इस्पितळात ठेवावं लागलं. २००७ मध्ये लंडनच्या अभिलेखागारातल्या कागदांवरून ही बातमी झाली. त्या शिपायांवर नंतर लक्ष ठेवलं गेलं नाही, कोणाला पुढे काय झालं कोण जाणे. जे. डी. ची निदान आद्याक्षरं तरी उरली.

'वाईटातून चांगलं' म्हणणाऱ्या काकांना हा परिच्छेद पाठवा.

---

ढालगज

रावळपिंडीचं माहीत नव्हतं. सुन्न.

---

निवांत

नर्मदाकाठ यांच्याशी सहमत. यात भर: बारीचा अहवाल वाचून ज्याने पुढे पाठपुरावा केला तो कर्नल कॉर्नेलियस ऱ्होड्स, रासायनिक युद्ध विभागाच्या वैद्यकीय शाखेचा प्रमुख. जनरल मोटर्सच्या स्लोन आणि केटरिंग यांच्या पैशांतून १९४५ मध्ये न्यूयॉर्कची प्रसिद्ध कॅन्सर संशोधन संस्था उभी राहिली, तिचा पहिला संचालक हाच. याच माणसाने १९३१ मध्ये पोर्तो रिकोत असताना एका पत्रात तिथल्या लोकांबद्दल अत्यंत गलिच्छ लिहिलं होतं, आपण काही रुग्ण मारले अशी फुशारकीसुद्धा. चौकशीत खून सिद्ध झाले नाहीत, त्याने गंमत होती म्हणून सांगितलं. त्याच्या नावाचा कॅन्सर संशोधनाचा पुरस्कार होता, त्यावरून त्याचं नाव २००३ मध्ये काढलं गेलं.

धाग्याच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तरही यातच असावं. येलचा एक रुग्ण म्हणजे एका केसपेपरची गोष्ट. बारीत शेकडो माणसांची रक्तमोजणी होती, आणि ती ऱ्होड्ससारख्या पैसेवाल्यांत उठबस असलेल्या माणसाच्या हातात पडली. शिवाय जहाज, स्फोट, चर्चिल, लपवाछपवी. गोष्ट सांगायला बारी सोयीची.

---

गावठी_डॉक्टर

उशिरा आलो, ड्यूटी होती. विषय थोडा वळवतो, पण बाहेरचा नाही.

आमच्याकडे कापसाच्या फवारणीच्या दिवसांत जे पेशंट येतात, त्यांच्यात आणि नर्व्ह गॅस (मज्जासंस्थेवर घाला घालणारा युद्धवायू) लागलेल्या सैनिकात शरीराच्या दृष्टीने फार फरक नाही. १९३६ मध्ये गेरहार्ड श्राडर हा जर्मन रसायनतज्ज्ञ कीटकनाशक शोधत होता, हाती लागला टाबुन हा नर्व्ह गॅस. लष्कराने तो उचलला, हजारो टन बनवला, वापरला मात्र नाही. युद्धानंतर त्याच ऑर्गनोफॉस्फेट कुळातली औषधं शेतात आली. २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणीत वीसहून अधिक माणसं गेली ते सगळ्यांना आठवत असेल. तिथे एकच औषध नव्हतं, मिश्रणं होती, पण ऑर्गनोफॉस्फेट त्यात होतं.

पेशंट आला की आधी बाहुली बघतो, टाचणीच्या टोकाएवढी. तोंडातून लाळ, छातीत घरघर, अंगावर स्नायू थडथड उडत असतात, आणि कपड्यांना तो वास. बारीच्या ब्लँकेटांबद्दल वाचून अंगावर काटा आला, कारण आमचा पहिला हुकूम हाच असतो : कपडे उतरवा, साबणाने अंग धुवा. नातेवाईक म्हणतात, डॉक्टर, आधी सलाईन लावा. सलाईन लावतोच, पण कपडे आधी. मग ॲट्रोपिन हा उतारा, छाती कोरडी होईपर्यंत, दर पाच मिनिटांनी दुप्पट करत.

दुसरं औषध पाम, म्हणजे प्रॅलिडॉक्सिम. हे १९५५ च्या सुमारास नर्व्ह गॅसवरच्या उताऱ्याच्या शोधातून आलं, कोलंबिया विद्यापीठात आयर्विन विल्सन यांच्याकडे. विषाने अडकवून ठेवलेलं शरीरातलं एन्झाइम ते सोडवतं, वेळेत दिलं तर. आणि यातला एक गाजलेला अभ्यास आपल्या बारामतीचा आहे! २०० रुग्ण, २००६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. थांबून थांबून देण्याऐवजी ४८ तास सतत, दर तासाला १ ग्रॅम दिलं तर मृत्यू कमी झाले. पुढे २००९ मध्ये श्रीलंकेतल्या चाचणीत मात्र फायदा दिसला नाही. बारामतीचे पेशंट लवकर पोचलेले होते आणि आयसीयूची सोय चांगली होती, म्हणून फरक पडला असावा असं माझं मत. आजही यावर भांडणं आहेत. आमच्याकडे पेशंट ट्रॅक्टरवरून येतो तोवर निम्मी वेळ गेलेली असते.

---

मूलद्रव्य

@गावठी_डॉक्टर, जबरदस्त प्रतिसाद. याच माळेत 'बाल' (BAL) नावाचं औषध : लेविसाइट या आर्सेनिकयुक्त युद्धवायूवर ऑक्सफर्डच्या रुडॉल्फ पीटर्सनी युद्धाच्या सुरुवातीला उतारा शोधला. लेविसाइट युरोपच्या रणांगणावर आलाच नाही म्हणा, उतारा मात्र आर्सेनिक आणि पाऱ्याच्या विषबाधेत कामाला आला. पुढे विल्सन्स आजारात साठलेलं तांबं बाहेर काढायलाही वापरला.

---

ढालगज

विल्सन्सला आता गोळ्या असतात ना? माझ्या मावसबहिणीला पेनिसिलामीन चालू होतं.

---

गावठी_डॉक्टर

हो, आता गोळ्याच. बालचं इंजेक्शन स्नायूत खोल द्यावं लागतं आणि भयंकर दुखतं, शेंगदाणा तेलात असतं. ज्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी त्यांना चालत नाही, हे विचारायला विसरू नये.

---

झिम्मा

नवऱ्याला काल सांगितलं. म्हणाला, "म्हणून दात शिवशिवत होते होय," आणि परत मॅच बघायला लागला.